"मॅडम, आता सात आहेत": एन्झाइमचे वर्ग सहा शिकवू की सात?

एका तालुक्याच्या गावातून एका ताईंचं पत्र आलंय. केमिस्ट्रीत बी.एस्सी., लग्नानंतर बरीच वर्षं घरीच, मग मुलं मोठी झाल्यावर घरातच अकरावी-बारावीच्या बायोलॉजीची ट्यूशन सुरू केली आणि आता बऱ्यापैकी मुलं येतात. गेल्या महिन्यात एन्झाइमचं (पेशीतल्या रिॲक्शन वेगाने घडवणाऱ्या रेणूंचं) वर्गीकरण शिकवताना त्यांनी पुस्तकात छापलेत तसे सहा वर्ग सांगितले, तर मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आता सात आहेत." त्यांनी "परीक्षेत सहाच लिहायचे, जास्त शहाणपणा नको" म्हणून त्याला बसवलं. रात्री मोबाईलवर शोधलं तर मुलगा बरोबर होता. तेव्हापासून तो वर्गात तोंड उघडत नाही आणि बाकीची मुलंही गप्प झालीत. मिस्टर म्हणतात माघार घेऊ नकोस, पालकांच्या कानावर गेलं तर मुलं दुसऱ्या क्लासला जातील. ताईंचे प्रश्न दोन आहेत. सहा शिकवू की सात? आणि दुसरा: "मुलं ओ-टी-एच-एल-आय-एल अशी सहा वर्गांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं घोकून ठेवतात, पण एन्झाइम करतं काय असं विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, अन्न पचवतं. माझंच ज्ञान जुनं झालंय का, ट्यूशन बंद करावी का?"

ताई, नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. मुलगा बरोबर आहे, ऑगस्ट २०१८ मध्ये ट्रान्सलोकेज नावाचा सातवा वर्ग अधिकृतपणे आला. तुम्ही सात शिकवा, पेपरात मात्र नेमलेलं पुस्तक म्हणतं तेच लिहायला सांगा, आणि या दोन्ही गोष्टी मुलांना एकाच वेळी, उघडपणे सांगा. पण तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं आणि मला वाटलं की आकड्याचा प्रश्न त्यात सगळ्यात छोटा आहे, त्याच्याखाली तुम्ही काही गोष्टी गृहीत धरून बसलायत आणि खरा त्रास त्यांचा होतोय.

तुम्ही धरून चाललायत की सहा आणि सात यातलं एक खरं असलं तर दुसरं खोटं. आता बघा, २०१८ च्या ऑगस्टमध्ये कुठल्याही पेशीत काहीही बदललं नाही. तुमच्या-माझ्या शरीरातली एन्झाइम आदल्या दिवशी जे काम करत होती तेच दुसऱ्या दिवशी करत होती. बदलली ती माणसांनी केलेली मांडणी. ही मांडणी का करावी लागली ते मुलांना सांगा, कारण त्यात गोष्ट आहे आणि मुलांना गोष्ट लक्षात राहते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एन्झाइमला नाव कसं द्यायचं याचा काही नियमच नव्हता, ज्याला सापडेल तो आपलं नाव ठेवायचा. एकाचं नाव चक्क 'जुनं पिवळं एन्झाइम' कारण ते पिवळं दिसायचं, एकाला जर्मनीत झ्विशेनफर्मेंट म्हणायचे, कुठे एकाच एन्झाइमला दोन-तीन नावं आणि कुठे दोन वेगळ्या एन्झाइमना एकच नाव, आणि नावावरून ते करतं काय याचा पत्ता नाही. मग १९५६ साली इंटरनॅशनल युनियन ऑफ बायोकेमिस्ट्रीने एन्झाइम कमिशन नेमलं, १९६१ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यात सहा वर्ग आणि चार भागांच्या ईसी नंबरची पद्धत ठरली. ईसी म्हणजे हेच एन्झाइम कमिशन. तेव्हापासून यादी सतत दुरुस्त होत आलीय, १९९२ च्या आवृत्तीत ३,१९६ एन्झाइम होती, त्यानंतर आणखी पुष्कळ वाढली, काही नंबर रद्द झाले, काही दुसरीकडे हलवले गेले. म्हणजे तुमचं पुस्तक खोटं बोलत नाहीये, ते २०१८ च्या आधीची मांडणी सांगतंय एवढंच.

आणि सातवा वर्ग का लागला हे समजलं की मुलांना सहाही नीट कळतात असं मला वाटतं, म्हणून इथे जरा थांबते. पेशीच्या पडद्यातून आयन किंवा रेणू इकडून तिकडे ढकलणारी बरीच एन्झाइम आहेत. ती हे काम करताना एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, पाण्याने फोडतात, म्हणून त्यांना इतकी वर्षं तिसऱ्या वर्गात, हायड्रोलेजमध्ये बसवलं होतं. पण एटीपी फोडणं हा त्यांच्यासाठी नुसता खर्च, खरं काम म्हणजे ने-आण. उदाहरण घरातलंच घ्या. ॲसिडिटीसाठी डॉक्टर पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल देतात ना, ती गोळी जठराच्या आतल्या अस्तरातल्या प्रोटॉन पंपावर काम करते. हा पंप म्हणजे एक एन्झाइम, हायड्रोजन आयन जठरात बाहेर टाकतं आणि पोटॅशियम आत घेतं, त्यातूनच जठरातलं आम्ल तयार होतं. त्याचा जुना नंबर ३.६.३.१०, नवा ७.२.२.१९. गोळी तीच, पंप तोच, फक्त यादीतली जागा बदलली. मज्जापेशींना लागणारा सोडियम-पोटॅशियम पंप असाच तिकडे गेला, आणि एटीपी सिंथेज, जे उलट एटीपी बनवतं आणि तरी हायड्रोलेजमध्ये बसलं होतं, तेही आता ७.१.२.२ आहे. हे शेवटचं उदाहरण तर मुलांना नक्की सांगा, "जे बनवतं ते फोडणाऱ्यांच्या वर्गात कसं?" हा प्रश्न हुशार मुलाला आधीच पडलेला असतो. कुणी पुढे विचारलं की मग पडद्यातले सगळे दरवाजे सातव्यात का, तर नाही, आयन चॅनेलसारखे नुसते उघडझाप करणारे मार्ग एन्झाइम धरत नाहीत.

दुसरी गोष्ट जी तुम्ही धरून चाललायत ती मला जास्त खटकली. त्या मुलाने तुमचा मान कमी केला असं तुम्हाला वाटतंय. मला उलट वाटतं. तालुक्याच्या गावात अकरावीतला एक मुलगा पुस्तकाच्या बाहेर जाऊन एन्झाइमबद्दल वाचतो आणि ते तुमच्यासमोर बोलायची हिंमत करतो, याचा अर्थ त्याला हा विषय आवडायला लागलाय, आणि तो तुमच्याच वर्गात आवडायला लागलाय. तो गप्प झालाय हे मात्र गंभीर आहे आणि ते लवकर दुरुस्त करायला हवं.

मोठमोठ्यांचं काय झालं ते बघा. जेम्स समनरने १९२६ मध्ये जॅक बीन नावाच्या शेंगेच्या बियांतून युरिएज या एन्झाइमचे स्फटिक काढले आणि सांगितलं की एन्झाइम हे प्रोटीन असतं. तेव्हा रिचर्ड विलस्टेटरसारखा नोबेल मिळालेला केमिस्ट हे मानायला तयार नव्हता आणि त्याच्या वजनामुळे समनरचं म्हणणं बरीच वर्षं मागे पडलं, शेवटी १९४६ मध्ये समनरलाच नोबेल मिळालं. मग सगळीकडे "एन्झाइम म्हणजे प्रोटीनच" असं पक्कं झालं, तर पुढे टॉमस चेक आणि सिडनी आल्टमन यांनी दाखवलं की आरएनए सुद्धा हे काम करू शकतो, १९८९ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यालाच. या विषयात ज्याने त्याने कधी ना कधी आपलं वाक्य बदललंय. तुमचं वाक्य एका आकड्याने बदलतंय.

तेव्हा पुढच्या तासाला सगळ्यांसमोर सांगा, आडून नाही. "त्या दिवशी याने सात सांगितलं ते बरोबर होतं, मी तपासलं, आज आपण सातवा शिकू." एवढंच, लांबलचक माफीनामा नको, मुलांना त्याने अवघडल्यासारखं होतं. आणि "जास्त शहाणपणा" हा शब्द त्याला लागला असेल तर त्याबद्दल त्याच्याशी वेगळं, दोन मिनिटं बोला, ते चारचौघात नको. मिस्टरांची काळजी मला कळते, घर ट्यूशनवर थोडंफार अवलंबून असेल तर ती साहजिक आहे. पण पालकांच्या कानावर काय जाईल याचा विचार करा. तुम्ही गप्प राहिलात तर "मॅडमना माहीत नव्हतं आणि मुलाला गप्प बसवलं" हे जाईल. तुम्ही बोललात तर "मॅडम नवीन झालेलंही शिकवतात" हे जाईल. मुलं घरी सांगतातच, लपून काही राहत नाही.

परीक्षेचं स्पष्ट सांगून ठेवा म्हणजे गोंधळ नको. एमसीक्यूमध्ये वर्ग किती असं आलं तर नेमलेल्या पुस्तकातला आकडा, तिथे वाद घालायला जागा नसते आणि मार्क जातो मुलाचा. मोठं उत्तर असेल तर सहा वर्ग नीट उदाहरणासकट लिहायचे आणि शेवटी एक ओळ, की २०१८ पासून ट्रान्सलोकेज हा सातवा वर्गही धरतात. पुस्तकाची नवी आवृत्ती आली की आधी हेच पान उघडून बघत जा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. खरं तर सदरासाठी हे पत्र मी त्याच्यासाठीच निवडलं, कारण हाच अनुभव बऱ्याच शिक्षकांचा आहे आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आई-बाबांचाही.

मुलं "एन्झाइम अन्न पचवतं" म्हणतात त्यात त्यांची चूक नाही. आपण त्यांना शाळेपासून उदाहरणं कुठली देतो बघा. लाळेतलं अमायलेज, ३.२.१.१. जठरातलं पेप्सिन, ३.४.२३.१. ट्रिप्सिन, ३.४.२१.४. लायपेज, ३.१.१.३. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज, ३.२.१.१०८. मटणाला कच्ची पपई लावतो त्यातलं पपेन, ३.४.२२.२. पहिला आकडा सगळीकडे तीन! सगळी हायड्रोलेज, म्हणजे पाणी वापरून फोडणारी. एकाच वर्गातली उदाहरणं देऊन आपण सात वर्ग पाठ करायला सांगतो, मग बाकीचे सहा मुलांच्या डोक्यात नुसती इंग्रजी अक्षरं होऊन बसतात आणि पेपर झाला की जातात. म्हणून माझा सल्ला असा की पाठांतराचं सूत्र शेवटी द्या, आधी प्रत्येक वर्गाचं एक तरी उदाहरण असं द्या जे मुलाने पाहिलंय किंवा ऐकलंय.

पहिल्या वर्गासाठी, ऑक्सिडोरिडक्टेजसाठी, बटाटा पुरेसा आहे. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड पाणी घालून पातळ करून दोन थेंब टाका, फेस येतो, तो ऑक्सिजन, आणि तो सोडवणारं एन्झाइम म्हणजे कॅटलेज, १.११.१.६. मग उकडलेल्या बटाट्यावर टाका, काही होत नाही, उष्णतेने प्रोटीनची घडी मोडली की काम बंद, हे वेगळं सांगावंही लागत नाही. पेरॉक्साइड तुम्ही स्वतः टाका, मुलांच्या हातात बाटली देऊ नका आणि डोळ्यापासून लांब ठेवा. चिरलेलं वांगं काळं पडतं तेही याच वर्गाचं काम, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज, म्हणून तर आपण ते पाण्यात टाकतो, हवा लागायला नको म्हणून.

दुसऱ्या वर्गासाठी, ट्रान्सफरेजसाठी, कुणाच्या तरी घरातला लिव्हर फंक्शन टेस्टचा जुना रिपोर्ट उपयोगी पडतो (नाव झाकून, आणि रिपोर्टवरून कुणाला काय झालंय यावर वर्गात चर्चा नको). काविळीच्या वेळी एसजीपीटी आणि एसजीओटी ही नावं घराघरात ऐकलेली असतात. ही दोन्ही ट्रान्सफरेज, २.६.१.२ आणि २.६.१.१, एका रेणूवरचा अमिनो गट काढून दुसऱ्यावर ठेवणारी. एसजीपीटी ॲलनिनवरचा अमिनो गट उचलतं आणि उरतं ते पायरुव्हेट, म्हणजे प्रोटीनचा तुकडा साखरेच्या वाटेला लागतो. ही मुख्यतः पेशीच्या आत काम करतात, यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात जास्त गळतात आणि रिपोर्टमध्ये आकडा वाढतो. त्याच कागदावर खाली अल्कलाइन फॉस्फेटेज असतं, ते ३.१.३.१, पुन्हा हायड्रोलेज. एका कागदावर दोन वर्ग मिळाले आणि त्यात पचनाचं एकही नाही!

तिसऱ्याची उदाहरणं वर आलीच. चौथा, लायेज, हा मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ करणारा वर्ग, कारण फोडतं तेही आणि हायड्रोलेजही. फरक असा की हायड्रोलेजला फोडताना पाणी लागतं, लायेज पाण्याशिवाय आणि ऑक्सिडेशनशिवाय तोडतं आणि मागे बहुतेक वेळा डबल बॉन्ड किंवा नवी रिंग सोडतं. उदाहरण लसूण. अख्ख्या पाकळीला वास जेमतेम, ठेचली की घमघमाट, कारण ॲलिनेज हे एन्झाइम पेशीत एका कप्प्यात असतं आणि ते ज्याला फोडतं ते ॲलिन दुसऱ्या, ठेचल्यावर दोघं भेटतात. नंबर ४.४.१.४. याच वर्गात ओएमपी डिकार्बोक्सिलेज म्हणून एक आहे, डीएनए-आरएनएचे घटक बनवायला लागतं. त्याची रिॲक्शन एन्झाइमशिवाय सोडून दिली तर निम्मी व्हायलाच साधारण ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील, एन्झाइमचा एक रेणू तेच काम सेकंदात कितीतरी वेळा करतो. "एन्झाइम काय करतं" या प्रश्नाला मला तरी यापेक्षा चांगलं उत्तर माहीत नाही. जे तसंही घडणार होतं पण कधीच वेळेत घडलं नसतं ते जगण्याच्या वेगात आणतं, ॲक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे रिॲक्शन सुरू व्हायला लागणारी ऊर्जा, कमी करून. न घडणारं घडवत नाही आणि शेवटचा तोलही बदलत नाही, हे दुसरं वाक्य मुलं नेहमी विसरतात.

पाचवा आयसोमरेज आणि सहावा लायगेज पटकन होतात. आयसोमरेज म्हणजे अणू तेवढेच, मांडणी वेगळी, ग्लायकोलिसिसमधल्या (पेशीत साखर फोडण्याच्या साखळीतल्या) ग्लुकोज सिक्स फॉस्फेटचं फ्रुक्टोज सिक्स फॉस्फेट. लायगेज म्हणजे एटीपीसारखी ऊर्जा खर्चून दोन रेणू जोडणं, डीएनएची तुटलेली साखळी सांधणारं डीएनए लायगेज पुरे. आणि सातव्यासाठी ॲसिडिटीची गोळी वर सांगितलीच.

नंबर समजावताना पिनकोड सांगा, मुलांना तो लगेच कळतो, पहिला आकडा मोठा विभाग आणि पुढे पुढे नेमकी जागा. १.१.१.१ म्हणजे अल्कोहोल डिहायड्रोजनेज, यादीतलं पहिलंच, यकृतातही असतं आणि यीस्टमध्येही. पण एक गोष्ट नीट बोला, जी पुष्कळ पुस्तकांत नुसती ओझरती येते: हा नंबर कामाला दिलेला आहे, प्रोटीनला नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट यांची अदलाबदल करणारं कार्बोनिक अनहायड्रेज घ्या, ४.२.१.१, त्याचे सगळ्यात वेगवान प्रकार एका सेकंदात दहा लाखाच्या आसपास रेणू उरकतात. आपल्या शरीरातलं कार्बोनिक अनहायड्रेज आणि बऱ्याचशा वनस्पतींच्या पानांतलं, यांची प्रोटीन म्हणून बांधणी पूर्ण वेगळी, एकमेकांशी नातं नाही, तरी काम एकच म्हणून नंबर एकच. हे ज्या मुलाला कळलं त्याला पुढे कुठलंही नवीन एन्झाइम दिलं तरी तो आधी विचारेल की रिॲक्शन काय आहे, आणि वर्ग त्याचा तोच काढेल. घोकलेलं सूत्र तिथे उपयोगी पडत नाही.

आणि सजीवात याचं महत्त्व किती हे एका एन्झाइमवरून सांगता येईल. वर झ्विशेनफर्मेंट म्हटलं ना, त्याचं आजचं नाव ग्लुकोज सिक्स फॉस्फेट डिहायड्रोजनेज, १.१.१.४९, आपण जी-सिक्स-पीडी म्हणतो. ते जन्मतः कमी असलं तर माणूस एरवी ठणठणीत असतो, पण मलेरियाची प्रायमाक्विनसारखी गोळी घेतली की लाल रक्तपेशी फुटू शकतात. एवढ्या मोठ्या शरीरात एक एन्झाइम कमी, आणि साधी गोळी धोक्याची ठरते.

राहिला ट्यूशन बंद करण्याचा विचार. ताई, तुमचं ज्ञान जुनं झालं असतं तर त्या रात्री तुम्ही मोबाईलवर शोधलंच नसतं. केमिस्ट्रीची बी.एस्सी. इथे तुमची ताकद आहे, वर्गीकरण सगळं रिॲक्शनवर उभं आहे आणि बायोलॉजीवाले बरेच जण नेमके तिथेच अडतात. बॉन्ड कुठे तुटला, पाणी आलं का, इलेक्ट्रॉन कुणी घेतला हे तुम्ही फळ्यावर काढून दाखवू शकता. थकवा असेल, घरचं ओझं असेल तर ट्यूशन बंद करायला हरकत नाही, तो वेगळा विचार आहे आणि तो शांतपणे करा. एका आकड्यापायी मात्र करू नका, निदान हे वर्ष संपेपर्यंत तरी नको.

एक काम त्या मुलाला द्या. एन्झाइमची अधिकृत यादी 'एक्सप्लोरएन्झ' नावाने नेटवर फुकट बघता येते, तिथे नंबर टाकला की रिॲक्शन दिसते आणि नंबर हलवला असेल तर कुठून कुठे तेही लिहिलेलं असतं. वर मी दिलेले सगळे नंबर त्याला तिथे तपासायला सांगा आणि पुढच्या आठवड्यात फळ्यापाशी उभं राहून त्यातली दोन-तीन एन्झाइम त्यालाच समजावू द्या.